कुंचला सरळ तर माणूस सरळ?

मार्च 2000मध्ये चीनच्या जियांगशी प्रांताचा माजी उपगव्हर्नर हू चांगचिंग याला लाचखोरीच्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड देण्यात आला. या गृहस्थाला सुलेखनाचा भारी नाद. प्रांताची राजधानी नानचांग इथे जागोजागी त्याच्या हातच्या अक्षरांच्या पाट्या झळकत होत्या. साहेबांकडून पाटी लिहून घ्यायची आणि वर मानधनाचे पाकीट द्यायचे, म्हणजे देणाऱ्याचे काम होई आणि घेणाऱ्याचा मानही राही. साहेब अडकले आणि पाट्या भराभर उतरू लागल्या. अक्षर आदल्या दिवशी जेवढे बरे-वाईट होते तेवढेच होते, त्याची एक रेघही बदललेली नव्हती. तरी ते दारावर ठेवण्याजोगे राहिले नाही.

आपल्याकडे एखादा पुढारी गोत्यात आला तर त्याच्या नावाची कोनशिला फार तर झाकतील. त्याचे अक्षर कसे आहे, याची चौकशी कोणी करणार नाही. चीनमध्ये मात्र अक्षर आणि माणूस यांची गाठ जुनी आहे. हान काळातला विद्वान यांग श्योंग (इ.स.पू. 53 ते इ.स. 18) याने म्हणून ठेवले होते, की बोलणे हा मनाचा आवाज आणि लिहिणे हे मनाचे चित्र, या दोहोंवरून सज्जन कोण आणि क्षुद्र कोण ते कळते. त्याच्या मनात बहुधा लिहिलेला मजकूर होता, अक्षराचे वळण नव्हे. पण पुढच्या सुलेखनकारांनी ते वाक्य उचलले, अक्षराला लावले, आणि त्यावर कलासमीक्षेची सगळी इमारत उभी केली. ज्याचे चारित्र्य उत्तम त्याचे अक्षर थोर. ज्याचे चारित्र्य डागाळलेले त्याच्या अक्षरात, ते कितीही देखणे असो, कुठेतरी खोट असणारच.

हे खरे मानायचे का? आणि खरे नसेल, तर इतक्या बुद्धिमान माणसांनी इतकी शतके ते का धरून ठेवले?

कागदावर उमटणारी हालचाल

या समजुतीची मुळे हत्यारांत आहेत. कुंचला शेळीच्या मऊ किंवा सशाच्या ताठ केसांचा, टोकाला निमुळता. शाईची कांडी दगडावर पाणी घालून उगाळायची. कागद आनह्वेई प्रांतातला श्वेन, झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्याचा. हा कागद शाई पाहता पाहता पिऊन टाकतो. हात क्षणभर घुटमळला की तिथे डाग फुगतो. हात घाईने सरकला की रेघ कोरडी पडते आणि केसांच्या मधून कागदाचा पांढरा रंग दिसू लागतो. एकदा उमटलेली रेघ दुरुस्त करता येत नाही. वरून दुसरा हात फिरवला तर दोन थर वेगळे दिसतात आणि चोरी उघडी पडते.

दुसरी गोष्ट क्रमाची. चिनी अक्षरातल्या रेघा कोणत्या क्रमाने काढायच्या, हे ठरलेले असते. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आधी चौकट आणि शेवटी तिचे तळाशी बंद होणे. त्यामुळे जाणकार माणूस कागदासमोर उभा राहिला, की त्याला नुसता आकार दिसत नाही. कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे उचलला, कुठे श्वास घेतला, हे तो लिहिणाऱ्याच्या मागोमाग डोळ्यांनी चालत जाऊन पाहू शकतो. हजार वर्षांपूर्वीच्या हाताची हालचाल, तिचा वेग आणि दाब यांसह, शाबूत राहते. असे दस्तऐवज समोर असताना त्यांत माणूस शोधावासा वाटला, यात नवल नाही.

अक्षराबद्दल बोलायची भाषाही शरीराची होती. हाड, स्नायू, मांस, रक्त हे समीक्षेचे नेहमीचे शब्द. चौथ्या शतकातल्या वेइ फूरेन या सुलेखनकार बाईंच्या नावावर असलेल्या एका छोट्या ग्रंथात म्हटले आहे, की ज्यात हाड नाही आणि मांसच फार आहे अशी अक्षरे म्हणजे शाईची डुकरे. तांग काळातल्या दोन मोठ्या सुलेखनकारांची ओळख आजही अशीच करून देतात: यान झेनचिंगचे स्नायू आणि ल्यू गोंगच्वानची हाडे. अक्षराला एकदा शरीर दिले, की त्याला ताठ कणा असणे किंवा नसणे ओघानेच येते. आणि ताठ कणा म्हटले, की बोलणे अक्षराचे चालले आहे की माणसाचे, हे सांगणे कठीण होते.

या ल्यू गोंगच्वानचाच (778–865) एक प्रसंग चीनमध्ये सर्वांना ठाऊक असतो. सम्राट मूझोंग 820 ते 824 अशी चारच वर्षे गादीवर होता. त्याचे मन राज्यकारभारापेक्षा शिकारीत आणि मेजवान्यांत जास्त. त्याने एकदा ल्यूला विचारले, कुंचला चालवायची खुबी काय? ल्यूने उत्तर दिले, की कुंचला मनाने चालतो. मन सरळ असेल तर कुंचला सरळ राहतो. सम्राटाचा चेहरा उतरला. टोला कोणाला आहे, ते त्याला कळले. ‘कुंचल्याची कानउघाडणी’ म्हणून हा प्रसंग इतिहासात नोंदला गेला.

या उत्तरातली गंमत अशी, की ते सुलेखनाचा धडा म्हणूनही तंतोतंत बरोबर आहे. कुंचला कागदाला काटकोनात उभा धरला, की त्याचे टोक रेघेच्या मधोमध चालते, शाई दोन्ही कडांना सारखी पसरते आणि रेघ गोल, भरीव होते. कुंचला कलला, की टोक एका कडेला जाते. रेघेची एक कड धारदार आणि दुसरी फाटकी होते. पहिल्या पद्धतीला मधले टोक म्हणतात, दुसरीला कललेले. कसलेले लेखक दोन्ही वापरतात, पण पाया पहिलीचा. म्हणजे ल्यूने सम्राटाला कारागिरीचा नियम सांगितला, आणि त्याच नियमाच्या आडून राजधर्म सांगितला. सम्राटाला रागवायला जागा ठेवली नाही.

पुतण्यासाठी लिहिलेला कच्चा खर्डा

अक्षर म्हणजे चारित्र्य, याचा पुरावा मागितला तर चिनी माणूस एकच नाव घेईल: यान झेनचिंग (709–785). तो पेशाने कलावंत नव्हता, अधिकारी होता. 755च्या अखेरीस सरहद्दीवरचा सेनापती आन लूशान याने तांग घराण्याविरुद्ध बंड केले, तेव्हा उत्तरेतली ठाणी एकामागून एक शरण गेली. आजच्या शानदोंगमधल्या पिंगयुआनचा सुभा यानकडे होता. त्याने तटबंदीची डागडुजी आधीच करून ठेवली होती. तो उभा राहिला. त्याचा चुलतभाऊ यान गाओचिंग आजच्या हबेइमधल्या चांगशानला सुभेदार होता, तोही उभा राहिला. दोन्ही ठाण्यांमध्ये निरोप नेण्या-आणण्याचे काम गाओचिंगचा तरुण मुलगा जीमिंग करी.

756च्या सुरुवातीला चांगशान पडले. मदतीला येऊ शकणारे सैन्य आलेच नाही. बापाने शरण यावे म्हणून जीमिंगला त्याच्यासमोर उभे करण्यात आले, आणि बाप बधेना तेव्हा मुलाचे डोके उडवले. गाओचिंगला लोयांगला नेऊन मारले. घरातली तीसेक माणसे या लढाईत गेली. दोन वर्षांनी, 758मध्ये, अवशेष शोधायला माणूस पाठवला तेव्हा जीमिंगचे फक्त शिर हाती लागले. त्या शिरासमोर वाचण्यासाठी यान झेनचिंगने शोकलेख लिहायला घेतला. त्याचा कच्चा खर्डा आज तैपेइच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे: साधारण 28 सेंटिमीटर उंच आणि 75 सेंटिमीटर लांब कागद, त्यावर 23 ओळी.

तो जवळून पाहू. जुने चिनी लेखन उजवीकडून सुरू होते आणि ओळी उभ्या उतरतात. पहिल्या ओळींत तारीख आहे, मग यानच्या सगळ्या पदव्या आणि हुद्दे. हा शिष्टाचाराचा भाग. हात शांत आहे, अक्षरे सुटी आहेत. मग जीमिंगचे नाव येते, त्याच्या लहानपणाच्या गुणांची वाक्ये येतात आणि खाडाखोड सुरू होते. एखादे वाक्य लिहून त्यावर रेघ ओढली आहे, बाजूला दुसरे शब्द घातले आहेत. चांगशानच्या पाडावाशी पोचेपर्यंत अक्षरे मोठी होतात, एकमेकांत अडकतात. कुंचला शाईत बुडवायची शुद्ध राहत नाही. एका बुडवणीत अक्षरांमागून अक्षरे जातात, रेघा करड्या पडतात आणि केस फाकलेले दिसतात. अखेरच्या ओळी तर जवळजवळ वेगवान धावत्या लिपीत निसटून गेल्या आहेत. हा कागद कोणाला दाखवायला लिहिलेला नाही. पक्की प्रत करायची होती, तिचा हा मसुदा. ती प्रत काळाच्या ओघात गेली आणि मसुदा उरला.

वांग शीजीने 353मध्ये लिहिलेली लानतिंग मेळाव्याची प्रस्तावना हे धावत्या लिपीतले पहिले रत्न मानतात आणि यानचा हा खर्डा दुसरे. कागद इतका नाजूक आहे की तो क्वचितच बाहेर काढतात. 2019च्या जानेवारीत तो टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी उसना दिला गेला, तेव्हा तैवानमध्ये आणि चीनमध्ये लोक खवळले. बाराशे साठ वर्षांपूर्वीच्या एका खाडाखोडीच्या कागदाच्या प्रवासावरून वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांवर भांडणे झाली.

यानच्या नावावर दुसराही एक प्रसिद्ध मसुदा आहे, 764 सालचा. दरबारी समारंभात एका सेनापतीने बड्या खोजा सरदाराला खूश करायला मंत्र्यांच्या वरची जागा दिली. यानने त्याला पत्र लिहून खडे बोल सुनावले. अशा माणसाचे शत्रू तयार होणारच. 783मध्ये वजीर लू ची याने सत्तरी ओलांडलेल्या यानला बंडखोर ली शिल्येकडे बोलणी करायला धाडले. परत येऊ नये हाच हेतू होता. ली शिल्येने त्याला आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला, धमकावले, कैदेत ठेवले आणि शेवटी गळा आवळून मारले.

मोठेपण कधी मिळाले?

यानचे उभ्या लिपीतले, म्हणजे सुट्या, ठाशीव अक्षरांचे लेखन पाहिले तर ही गोष्ट चपखल बसते असे वाटते. शिआनच्या शिलालेख संग्रहालयात त्याने आपल्या घराण्याच्या देवळासाठी 780मध्ये लिहिलेला शिलालेख आहे. जाड उभ्या रेघा, बारीक आडव्या, अक्षरे चौकट भरून उभी. गोडवा असा नाहीच. पाहणारा म्हणतो, हाच तो माणूस, कोणापुढे न वाकणारा.

पण इतिहास थोडा निराळा आहे. यानच्या हयातीत आणि नंतरही बराच काळ सुलेखनाचा आदर्श होता वांग शीजी (303–361). तांग सम्राट ताइझोंगला त्याच्या अक्षराचे एवढे वेड, की लानतिंगची मूळ प्रत त्याच्याबरोबर थडग्यात गेली असे सांगतात. दरबारी वळण वांगच्या लवचीक, देखण्या रेघेचे होते. यानला नीतीच्या सिंहासनावर बसवले ते अकराव्या शतकातल्या सोंग काळातल्या विद्वानांनी, त्याच्या मृत्यूनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी.

त्यांच्यात पुढे होता औयांग श्यू (1007–1072). जुन्या शिलालेखांचे ठसे गोळा करण्याचा त्याला छंद होता आणि प्रत्येक ठशावर तो टिपण लिही. त्याचे म्हणणे होते, की पूर्वी चांगले अक्षर पुष्कळांचे होते, टिकले ते फक्त थोरांचे. यानचे अक्षर वाईट असते तरी लोकांनी ते जपले असते. हे वाक्य नीट वाचले तर लक्षात येते, की औयांग अक्षरावरून माणूस ओळखत नव्हता. माणूस आधी ठरला होता, अक्षर त्याच्यामागून आले. अमेरिकी कलेतिहासकार एमी मॅकनेअर यांनी 1998च्या ‘द अपराइट ब्रश’ या पुस्तकात हाच धागा पकडला आहे. परीक्षा देऊन वर आलेल्या सोंग अधिकाऱ्यांना दरबारी गुळगुळीत वळणापेक्षा निराळी, आपल्या राजकारणाला शोभेल अशी खूण हवी होती. निर्भीड, सम्राटाशी एकनिष्ठ पण खुशामत न करणारा यान त्यांना सापडला. त्याचे वळण गिरवणे म्हणजे आपण कोणत्या गटात आहोत हे न बोलता सांगणे.

याच काळातली आणखी एक गोष्ट विसंगत वाटेल. तांग काळात नेमणुकीआधी उमेदवाराची पारख चार गोष्टींवर होई: अंगकाठी, बोलणे, हस्ताक्षर आणि निवाड्याची समज. सोंग राजवटीने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला परीक्षेत उलटाच नियम केला. उमेदवारांच्या उत्तरपत्रिका कारकुनांकडून नकलून घ्यायच्या आणि परीक्षकाला फक्त नक्कल दाखवायची, म्हणजे हस्ताक्षर ओळखून वशिला लागणार नाही. अक्षरात माणूस दिसतो असे ठासून सांगणाऱ्या पिढ्यांच्याच राज्यात, योग्य माणूस निवडायची वेळ आली तेव्हा अक्षर झाकले गेले. ओळख पटवायला हस्ताक्षर उपयोगी होते, म्हणूनच ते धोक्याचे होते. लायकी ठरवायला त्याचा भरवसा धरला नाही.

नको त्या माणसांचे सुंदर अक्षर

सिद्धान्ताची खरी पंचाईत झाली ती अक्षर सुंदर आणि माणूस बदनाम, अशा जोड्यांपुढे. अशा जोड्या थोड्या नाहीत.

सोंग काळातल्या चार महान सुलेखनकारांची यादी सू, ह्वांग, मी, त्साय अशी म्हणतात: सू शी, ह्वांग टिंगज्येन, मी फू आणि त्साय. हा चौथा त्साय कोण? ठरलेले उत्तर त्साय श्यांग, जन्म 1012. पण तो बाकी तिघांपेक्षा वयाने बराच वडील; मग तो यादीत शेवटी कसा? पुष्कळांचे म्हणणे असे, की मूळ नाव त्साय जिंगचे (1047–1126) होते. हा सम्राट हुइझोंगचा वजीर. राज्य बुडवणाऱ्या सहा दुष्टांत याचे नाव पहिले घेतात. बदनामी झाल्यावर नाव खोडले आणि त्याच आडनावाचा सज्जन माणूस तिथे बसवला. वाद मिटलेला नाही, पण असे घडले असणार यावर लोकांचा चटकन विश्वास बसतो, हेही बोलके आहे.

त्साय जिंगच्या अक्षराची एक निशाणी मात्र पक्की आहे. सत्तेत आल्यावर त्याने विरोधी गटातल्या 309 जणांची काळी यादी केली. त्यात सू शी होता, ह्वांग टिंगज्येन होता. ही यादी त्साय जिंगने स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिली आणि ती दगडांत कोरून गावोगाव उभी करण्याचा हुकूम निघाला. 1106मध्ये आकाशात धूमकेतू दिसला, सम्राट घाबरला आणि दगड फोडून टाकण्यात आले. पुढे वारे फिरले. ज्यांना कलंक लावला ते वंदनीय ठरले. 1198मध्ये क्वेइलिनच्या एका गुहेत यादीतल्या एकाच्या वंशजाने ती पुन्हा कोरून घेतली, आपल्या पूर्वजाचे नाव त्यात आहे या अभिमानापोटी. ती आजही तिथे आहे. एका बदनाम वजिराचा हात टिकला तो त्याने ज्यांना छळले त्यांच्या वारसांमुळे.

खुद्द हुइझोंगची (1082–1135) गत काय? सळसळीत, तारेसारख्या बारीक रेघांचे ‘बारीक सोने’ नावाचे वळण त्याने घडवले. चीनमध्ये इतके ओळखीचे वळण दुसरे क्वचितच. 1127मध्ये जुर्चेन सैन्याने राजधानी घेतली आणि हा सम्राट कैदेत मेला. त्याच्या अक्षराला दुबळे म्हणणारे आहेत, पण राज्य गेले नसते तर त्याच रेघांना त्यांनी दुबळे म्हटले असते का?

सगळ्यांत कडवा खटला झाओ मंगफूचा (1254–1322). हा सोंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाचा वंशज. मंगोलांनी सोंग राज्य संपवले आणि झाओने पुढे कुब्लाई खानाची नोकरी धरली. त्याचे अक्षर नितळ, तोल असलेले, कुठेही न अडखळणारे. तीनशे वर्षांनी मिंग राज्य मांचूंच्या हाती गेले, तेव्हा शानशीमधल्या फू शान (1607–1684) याला झाओचा तिटकारा आला. फू शान वैद्य होता, विद्वान होता आणि नव्या राजवटीशी त्याने कधी जुळवून घेतले नाही. 1679च्या खास परीक्षेसाठी त्याला आजारी अवस्थेत पेकिंगला न्यावे लागले, तरी तो परीक्षेला बसला नाही. मुलानातवंडांसाठी त्याने लिहून ठेवले, की अक्षर घडवण्याआधी माणूस घडवावा. चतुर असण्यापेक्षा ओबडधोबड असावे, गोड असण्यापेक्षा कुरूप असावे, असा त्याचा उपदेश चिनी सुलेखनात घोषवाक्यासारखा झाला आहे.

त्याच टिपणात त्याने तरुणपणाची हकिगत दिली आहे. जुन्या थोरांचे वळण गिरवायला गेला तर काही केल्या जमेना. मग झाओचा कित्ता हाती आला आणि थोड्याच दिवसांत हुबेहूब जमू लागले. नंतर त्याला लाज वाटली. सज्जनांच्या संगतीला जावे तर त्यांचा ताठपणा आपल्याला जड जातो आणि टवाळांशी मैत्री सहज जुळते, तसे हे झाले, असे तो म्हणतो. त्यावर उतारा म्हणून त्याने यान झेनचिंगचा कित्ता घेतला. म्हातारपणी मात्र त्याचा झाओबद्दलचा राग निवळला आणि त्याच्या अक्षराची थोरवी त्याने कबूल केली.

वांग दुओची (1592–1652) कथा याच काळातली. मिंग दरबारात मोठा अधिकारी, 1645मध्ये नानजिंग पडताच मांचूंना शरण. लांब गुंडाळ्यांवर शाईचे लोट ओतत गेलेली त्याची धावती लिपी आज जाणकार त्या शतकातल्या श्रेष्ठ लेखनात धरतात. पण अठराव्या शतकात सम्राट छ्येनलोंगने ‘दोन घराण्यांचे चाकर’ अशा माणसांची वेगळी चरित्रे लिहवून घेतली आणि त्यांत वांगलाही घातले. लक्षात घ्या, ज्या घराण्याला तो शरण गेला त्याच घराण्याने त्याला नंतर हिणवले. चीनमध्ये त्याचे नाव झाकोळले. जपानमध्ये विसाव्या शतकात त्याच्या गुंडाळ्या लोक भक्तिभावाने गिरवत होते. तिथे त्याच्या चाकरीचे कोणाला सुतक नव्हते.

सू शीची कुऱ्हाड

हा सगळा पेच एका माणसाला आधीच दिसला होता. सू शी (1037–1101) हा कवी, अधिकारी, स्वतः चौघांतला पहिला. औयांग श्यूच्याच तालमीतला. त्यानेही एके ठिकाणी लिहिले होते, की जुने लोक अक्षराबरोबर माणसाचे आयुष्यही तोलत, आणि माणूस लायकीचा नसेल तर कौशल्याला किंमत देत नसत. पण यानच्या एका पत्रावर टिपण लिहिताना त्याने हाच विचार उलटून पाहिला.

चेहऱ्यावरून माणूस पारखू नये म्हणतात, मग अक्षरावरून कसा पारखणार, असे तो विचारतो. पुढे तो कबुली देतो: यानचे अक्षर पाहताना मला लू चीला झापणारा, ली शिल्येवर ओरडणारा यान डोळ्यांसमोर दिसतो. असे का व्हावे? उत्तर म्हणून तो कुऱ्हाडीच्या जुन्या गोष्टीकडे बोट दाखवतो. एका माणसाची कुऱ्हाड हरवली. त्याला शेजाऱ्याच्या पोरावर संशय आला. पोराची चाल चोराची वाटू लागली, चेहरा चोराचा, बोलणे चोराचे. मग कुऱ्हाड सापडली, आणि दुसऱ्या दिवशी तोच पोरगा चारचौघांसारखा दिसू लागला. पोरगा बदलला नव्हता. यानच्या रेघांतला शूरपणाही आपण चरित्र वाचून आलो म्हणून दिसतो, असे सू शी सुचवतो.

नऊशे वर्षांपूर्वी, स्वतःच्या सर्वांत लाडक्या समजुतीबद्दल, हे एका कलावंताने लिहावे, हे विशेष आहे. तेवढ्यावर तो थांबत नाही. कौशल्य बाजूला ठेवले तरी प्रत्येकाच्या अक्षराला आपापली चव असते आणि माणूस सरळ की वाकडा याचा ढोबळ अंदाज त्यातून येतो, अशी पुस्ती तो जोडतो. पूर्ण नकार त्याला देववला नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यातले आणि कागदावरचे वेगळे काढणे किती अवघड, याची ही पावतीच.

हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्या पाश्चात्त्य शास्त्राशी याची गल्लत करू नये. ते शास्त्र नकळत राहिलेल्या लकबी शोधते, आणि अभ्यासकांनी तपासल्यावर त्याची भाकिते फारशी टिकत नाहीत. चिनी सुलेखनकाराच्या हातात नकळत काहीच नसते. त्याचा हात लहानपणापासून दुसऱ्यांच्या हातावर घडवलेला असतो.

कोणाचा कित्ता

समजूत टिकली त्याचे कारण, मला वाटते, इथेच आहे. सुलेखन शिकण्याचा मार्ग एकच, कित्ता. जुन्या थोराच्या शिलालेखाचा ठसा समोर ठेवायचा आणि त्याची एकेक रेघ पुन्हा पुन्हा काढायची, त्याच क्रमाने, त्याच दाबाने. काही महिने नव्हे, वर्षानुवर्षे. ज्याची रेघ गिरवायची त्याचा श्वास आणि वेग शिकणाऱ्याच्या खांद्यात आणि मनगटात उतरतो. मग तो माणूस कोण होता, कसा जगला, कसा मेला, हे विचारणे अगदी स्वाभाविक आहे. पोराला कोणाच्या संगतीत ठेवायचे, हा घरच्यांचा जुनाच प्रश्न आहे. फू शानने आपल्या नातवंडांसाठी लिहिले तेही याच काळजीने.

म्हणून पारख करण्याची कसोटी म्हणून हा सिद्धान्त लंगडा पडतो. त्साय जिंगची यादी, हुइझोंगचे सोनेरी वळण, वांग दुओच्या गुंडाळ्या त्याला खोटे पाडतात, आणि हू चांगचिंगच्या पाट्या लावणाऱ्या नानचांगकरांनाही त्यांत आधी काही खोट दिसली नव्हती. पण आदर्श निवडण्याची रीत म्हणून तो कामाचा आहे. तो लिहिणाऱ्याबद्दल थोडे सांगतो आणि गिरवणाऱ्याने कोणाकडे पाहावे याबद्दल पुष्कळ.

आणि इथेही परंपरेने हट्टापेक्षा शहाणपणा जास्त दाखवला. आज चीन आणि तैवानमध्ये उभी लिपी शिकायला बसलेल्या मुलापुढे चार गुरूंचे कित्ते असतात: तांग काळातला औयांग श्युन, यान झेनचिंग, ल्यू गोंगच्वान आणि झाओ मंगफू. बंडखोरांपुढे मान न वाकवता मेलेला यान आणि सम्राटाला टोला हाणणारा ल्यू यांच्या मांडीला मांडी लावून मंगोलांची चाकरी केलेला झाओ बसला आहे. शिव्या खाऊनही त्याला यादीतून कोणी काढू शकले नाही, कारण त्याच्याकडून शिकण्यासारखे इतके आहे की त्याला वगळून शिकवणेच अवघड. चारित्र्याचा निवाडा विद्वानांनी आपल्या टिपणांत केला. कोणाचा हात गिरवायचा ते मात्र गिरवणाऱ्या हातांनीच ठरवले.